कूलंटची गळती शोधणं आणि दुरुस्त करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) यंत्रणा बंदिस्त असते. त्यामुळे कूलंट 'संपत' नाही, कुठेतरी जातं. ते कुठे जातं हे नक्की कळेपर्यंत एकही भाग बदलू नका. गळती एका जागी आणि खर्च दुसऱ्याच जागी, असं फार वेळा होतं, म्हणून इथे दुरुस्तीइतकीच जागा शोधण्याला दिली आहे. खालचं कुठलंही काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचं. जिथे इंजिन गरम लागतं तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

१. गाडीखाली ओल दिसतेय. ते कूलंटच आहे हे कसं ओळखायचं?

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनाने खूण करा. सकाळी डागाचा रंग कळतो आणि गळती कोणत्या बाजूची आहे तेही कळतं. कूलंट हिरवं, गुलाबी, नारिंगी, निळं किंवा पिवळं असतं. बोटांत चोळलं तर किंचित बुळबुळीत लागतं आणि वास गोडसर येतो. ते विषारी आहे, चव घेऊन पाहू नका. इंजिन ऑइल तपकिरी-काळं आणि चिकट असतं. ब्रेक ऑइल पातळ, पिवळसर असतं आणि बहुधा चाकाजवळ सापडतं. एसीचं पाणी मात्र स्वच्छ, बिनवासाचं असतं आणि वाळल्यावर डाग ठेवत नाही. एसी चालवल्यावर ते ठिबकणं ठीकच आहे, त्याची काळजी नको.

२. पातळी थोडी कमी होणं नैसर्गिक आहे का? किती कमी झाली की गळती समजायची?

गरम झाल्यावर कूलंट फुगतं, म्हणून चालून आलेल्या गाडीत पातळी वर आणि सकाळी खाली दिसते. तुलना नेहमी थंड इंजिनची थंड इंजिनशी, आणि सपाट जागेवरच करा. रबराच्या होजमधून (नळ्यांमधून) अगदी सूक्ष्म प्रमाणात बाष्प निघून जातं, त्यामुळे वर्षभरात बोटभर घट झाली तर घाबरायचं कारण नाही. पण 'मॅक्स'वरून 'मिन'पर्यंत पातळी एक-दोन महिन्यांत उतरत असेल, तर गळती आहेच. टाकीवर मार्करने रेघ मारून तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ती रेघ खरी.

३. गळती बारीक आहे. दर आठवड्याला पाणी ओतत राहिलं तर काय बिघडतं?

एक हिशोब करून पाहा. यंत्रणेत सहा लिटर मिश्रण आहे आणि त्यात ५० टक्के कूलंट, बाकी पाणी आहे. एक लिटर गळलं आणि तेवढं पाणी भरलं की प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर येतं. दुसऱ्यांदा ३५, तिसऱ्यांदा २९. गंज रोखणारी रसायनंही तेवढीच पातळ होतात. मग ॲल्युमिनियम खंगायला लागतं आणि क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात.

दुसरं नुकसान दाबाचं असतं आणि ते सहसा कुणी लक्षात घेत नाही. यंत्रणा साधारण एक बार जादा दाबाखाली चालते. त्या दाबाला साधं पाणीसुद्धा १२० अंश सेल्सिअसला उकळतं, तर अर्धं-अर्धं मिश्रण १२५ च्याही पुढे. गळतीमुळे दाब टिकला नाही की पाणी १०० ला आणि मिश्रण साधारण १०७ ला उकळायला लागतं. म्हणजे टाकी भरलेली असूनही इंजिनच्या हेडमध्ये (सिलिंडरांवर बसणाऱ्या वरच्या भागात) वाफ होऊ शकते. अडचणीत, घर किंवा गॅरेज गाठण्यापुरतं पाणी घाला, त्यात गैर काही नाही. पण ती सवय होऊ देऊ नका.

४. गाडी चालवताना काटा लाल पट्ट्यात गेला. त्या क्षणी काय करायचं?

एसी बंद करा. हीटर सर्वांत गरम आणि पंखा पूर्ण वेगावर करा. हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे, तो थोडी उष्णता बाहेर काढतो. सुरक्षित जागा मिळताच थांबा आणि इंजिन बंद करा. बॉनेटखालून वाफ येत असेल तर ती ओसरेपर्यंत बॉनेट उघडू नका.

रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या कॅपला लगेच हात लावायचा नाही. किमान पाऊण तास थांबा. वरची जाड होज दाबून पाहा. ती अजून टणक असेल तर आत दाब आहे, आणखी थांबा. कॅप उघडताच दाब शून्यावर येतो आणि आतलं १०० अंशांवरचं द्रव एका क्षणात वाफ होऊन उसळतं. चेहरा आणि हात भाजण्याचे प्रकार यानेच होतात. होज मऊ पडल्यावर जाड कापड धरून कॅप थोडी सैल करा, फुसफुस पूर्ण थांबू द्या आणि मगच काढा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो, म्हणून गार झाल्यावरच हळूहळू ओता. काटा पुन्हा चढला तर गाडी ओढून न्या. 'आणखी पाचच किलोमीटर' म्हणून चालवलेल्या गाड्यांचीच हेड वाकतात.

५. गळती शोधायला सुरुवात कुठून करायची?

वरून. द्रव खाली वाहतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागेही ढकललं जातं. त्यामुळे जिथे थेंब लोंबतो तिथे गळती क्वचितच असते. ओल जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे आहे तिथे बॅटरी (टॉर्च) आणि आरसा घेऊन बघा. पांढरी, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी म्हणजे वाळलेलं कूलंट.

आमचा क्रम असा: आधी कॅप आणि टाकीचा जोड. मग वरच्या-खालच्या होजची टोकं. मग रेडिएटरची प्लास्टिकची डोकी जिथे जाळीला बसतात ती कड. त्यानंतर थर्मोस्टॅटचं (कूलंट तापल्यावर वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर, वॉटर पंप, हीटरकडे जाणाऱ्या दोन होज आणि रेडिएटरच्या तळाची तोटी. ब्लॉकच्या बाजूला वाटीसारखे गोल पत्र्याचे कोअर प्लग असतात, ते सर्वांत शेवटी बघा. टर्बो, ऑइल कूलर आणि थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या बोटाएवढ्या बारीक होज हमखास बघायच्या राहतात. सापडत नसलेली गळती कित्येकदा तिथेच असते.

६. प्रेशर टेस्टर कसा वापरायचा?

हा हातपंप आहे. याला दाब दाखवणारा काटा असतो आणि तो कॅपच्या जागी बसतो. इंजिन न चालवता यंत्रणेत चालत्या गाडीइतका दाब येतो, त्यामुळे पंखा आणि पट्टे थांबलेले असताना निवांत बघता येतं. गळती शोधण्याचं याहून चांगलं साधन नाही.

इंजिन थंड असू द्या आणि पातळी पूर्ण करा. बरोबर अडॅप्टर निवडून घट्ट बसवा. कॅपवर छापलेल्या आकड्याइतका दाब द्या. तो साधारण ०.९ ते १.४ बार असतो, म्हणजे १३ ते २० पीएसआय. त्यापुढे जाऊ नका, नाहीतर चांगला हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) किंवा जुनी टाकी फुटेल. होज ताणल्या जातात म्हणून काटा पहिल्या मिनिटात थोडा उतरतो. पुन्हा तेवढा दाब द्या आणि १५ मिनिटं थांबा. काटा हलला नाही तर बाहेरची गळती बहुधा नाही. उतरला तर प्रश्न ५ मधल्या क्रमाने ओल शोधा. पंप काढण्याआधी बाजूच्या झडपेतून दाब सोडा.

इथे एक चूक नेहमी होते. कोमट इंजिनवर टेस्ट केली तर कूलंट गार होता होता आकुंचन पावतं, काटा आपोआप उतरतो आणि नसलेली गळती 'सापडते'.

७. टेस्टर नाही. त्याशिवाय गळती शोधता येईल का?

येईल, वेळ जास्त लागेल. थंड इंजिनवरच्या जुन्या खरपुड्या ओल्या फडक्याने पुसून सगळं कोरडं करा. गाडी सुरू करून रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत चालू ठेवा आणि बंद करा. बंद केल्यावर पंप थांबतो पण इंजिनची धग कायम असते, म्हणून पुढची १०-१५ मिनिटं तापमान आणि दाब आणखी चढतात. बऱ्याच गळत्या याच वेळी दिसतात. कॅप न उघडता, हात न घालता, फक्त बॅटरीने बघा. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

अतिनील दिव्याखाली चमकणारा रंगही मिळतो. बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत कूलंटमध्ये घाला, एक-दोन दिवस गाडी नेहमीसारखी वापरा आणि अंधारात दिवा लावून बघा. आठवड्याला कपभर जाणारी बारीक गळती या उपायाने चांगली पकडता येते. काही कूलंट मुळातच थोडं चमकतं, म्हणून आधी टाकीवर दिवा मारून फरक लक्षात घ्या.

८. थेंब कधीच पडत नाही, पण एका जागी पांढरी खरपुडी धरलीय. ही गळती मानायची का?

हो. गरम धातूवर थेंब पडण्याआधीच पाणी उडून जातं आणि मागे क्षार राहतात. पुसून तारीख लिहा. दोन आठवड्यांत परत धरली तर तो जोड उघडायला हवा.

९. नुसती कॅप खराब असल्याने कूलंट जाऊ शकतं का?

जाऊ शकतं, आणि हे सहसा सर्वांत शेवटी तपासलं जातं. खरं तर सुरुवात इथून व्हावी. कॅपमध्ये दोन झडपा असतात. एक ठरलेल्या दाबाला उघडते. दुसरी इंजिन गार होताना उलट उघडून कूलंट किंवा हवा आत घेते. पहिलीची स्प्रिंग सैल पडली किंवा रबर चिरलं तर कूलंट ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर जातं आणि टाकीच्या खाली ओघळ दिसतो. दुसरी अडकली तर गार झालेल्या गाडीची वरची होज आत चेपलेली दिसते. रबर कडक, चपटं किंवा भेगाळलेलं असेल तर कॅप बदला. नवी कॅप त्याच आकड्याची घ्या. जास्त दाबाची कॅप घातली तर पुढची कमजोर जागा फुटते.

१०. होज चिरली आहे. स्वतः कशी बदलायची?

रेडिएटरची तोटी सैल करून स्वच्छ भांड्यात कूलंट काढा. वरच्या होजसाठी साधारण दोन लिटर पुरतं, खालच्यासाठी जवळपास सगळं. क्लिप मागे सरकवा आणि होज गोल फिरवून सुटी करा. चिकटली असेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, प्लास्टिकचं तोंड तुटलं की रेडिएटरच जातो. जुनी होज टाकायचीच आहे, तेव्हा ती ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरा आणि सोलून काढा. ब्लेड खालच्या तोंडाला लागू देऊ नका, तिथला ओरखडा म्हणजे नवी गळती.

धातूचं तोंड बारीक पॉलिश पेपरने साफ करा, प्लास्टिकचं फक्त फडक्याने. नवी होज सरकण्यासाठी आत थोडं कूलंट किंवा साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, त्याने हे रबर फुगून पोचट होतं. सिलिकॉन किंवा दुसरं सीलंटही नको, होजला त्याची गरज नसते आणि सुटलेले तुकडे थर्मोस्टॅटमध्ये जाऊन बसतात. तोंडावरच्या उंचवट्याच्या पलीकडे होज पूर्ण शेवटपर्यंत ढकला. क्लिप उंचवट्याच्या मागे आणि होजच्या कडेपासून तीन-चार मिलीमीटर आत यायला हवी. एक होज वयाने गेली असेल तर बाकीच्याही तेवढ्याच जुन्या आहेत. टोकाशी दाबून पाहा. आत कुरकुर वाजलं किंवा फुगीर लागलं तर त्याच खेपेला बदला. नंतर हवा काढायला विसरू नका (प्रश्न १६).

११. स्क्रूची क्लिप चांगली की स्प्रिंगची?

प्लास्टिकच्या तोंडावर स्प्रिंगची. रबर आणि प्लास्टिक गार झाल्यावर आकुंचन पावतात आणि स्प्रिंग त्याच्याबरोबर आवळत राहते. स्क्रूची क्लिप जिथे बसवली तिथेच राहते. ती वापरली तर रबर क्लिपच्या खाचांतून वर येण्याआधीच आवळणं थांबवा आणि दोन-तीन वेळा गाडी तापून गार झाल्यावर पुन्हा तपासा. मूळ स्प्रिंगची क्लिप गंजलेली नसेल तर तीच परत लावा.

१२. रेडिएटर गळतोय. दुरुस्त करावा की नवा घालावा?

कुठून गळतोय त्यावर अवलंबून आहे. तळाची तोटी किंवा तिची रबरी रिंग असेल तर तेवढंच बदला. प्लास्टिकचं डोकं आणि ॲल्युमिनियमच्या जाळीमधला जोड पाझरत असेल तर आतलं गॅस्केट कडक झालेलं असतं. पत्र्याची कड दाबून काही दिवस मिळतात, पण प्लास्टिक तोवर ठिसूळ झालेलं असतं, म्हणून आमचा सल्ला नव्याचाच. जाळीतल्या एका नळीला दगडाने भोक पडलं असेल आणि बाकी रेडिएटर नवा असेल, तर ब्रेझिंग (दुसरा धातू वितळवून भोक बुजवणं) टिकतं. ईपॉक्सी ही फक्त गॅरेजपर्यंत पोचण्याची सोय आहे. ती लावायची तर जागा कोरडी आणि घासून खरखरीत हवी, आणि ती पूर्ण वाळू द्यावी लागते. पितळ-तांब्याच्या जुन्या रेडिएटरला मात्र डाग देऊन वर्षानुवर्षं चालवता येतं.

१३. वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून ओल येतेय. ते भोक बुजवलं तर?

मुळीच बुजवू नका. ते भोक मुद्दाम ठेवलेलं आहे. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावं म्हणून. बुजवलंत तर बेअरिंग जाम होईल आणि पट्टा तुटेल. नुसता वाळका, फिका डाग नव्या पंपावरही असू शकतो. ओला ओघळ आला, किंवा पुली धरून हलवल्यावर डुगडुगली, की पंप बदलायची वेळ आली.

पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच बदला. मजुरी तीच लागते आणि कूलंटने भिजलेल्या बेल्टवर विसंबणं धोक्याचं आहे. जुनं गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमला चरे पाडू नका. ६ मिलीमीटरच्या बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर एवढंच आवळायचं असतं. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच धरा.

१४. गाडीत गोडसर वास येतो आणि काचेवर चिकट धुकं धरतं. हे काय?

डॅशबोर्डमागचा हीटर कोअर गळतोय. चालकाशेजारच्या सीटसमोरचा गालिचा उचलून खालचा फोम दाबा. रंगीत, बुळबुळीत पाणी आलं तर शंका खरी. नितळ, बिनवासाचं पाणी आलं तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. ते काम अगदी किरकोळ असतं, त्यामुळे आधी हे वेगळं करा. काही गाड्यांत कोअर चांगला असतो आणि त्याच्या नळ्यांच्या जोडातली रबरी रिंग गेलेली असते.

कोअर बदलायला अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो. तोवर बॉनेटखाली हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही होज सोडून त्या एकमेकींना नळीच्या तुकड्याने आणि क्लिपने जोडता येतात. दोन्ही टोकं बंद करू नका, कारण पुष्कळ इंजिनांत या वाटेने कूलंट सतत फिरत राहायला हवं. काचेवरचं धुकं घालवणारी गरम हवा मिळणार नाही, हे लक्षात ठेवून चालवा.

१५. बाटलीतलं गळती बंद करणारं औषध घालावं का?

आमचं उत्तर नाही असंच आहे. अपवाद फक्त एक. लांब, निर्जन रस्त्यावर गळती बारीक आहे आणि दुसरा इलाज नाही. या औषधातले कण किंवा रसायन भोकापाशी घट्ट होतं. पण त्याला भोक आणि हीटर कोअरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही. होजची चीर, पंपाचं सील, फुटलेलं प्लास्टिक यांवर त्याचा उपयोग होत नाही. घातलंच तर खरी दुरुस्ती करताना यंत्रणा स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवून काढा. आणि मेकॅनिकला आधीच सांगा, म्हणजे तुंबलेला हीटर बघून तो भलत्याच दिशेने शोध घेणार नाही.

१६. दुरुस्तीनंतर कूलंट भरलं, पण गाडी लगेच गरम व्हायला लागली. का?

आत हवा अडकली आहे. भरताना हीटरचं बटण सर्वांत गरमवर ठेवा. शक्य असेल तर गाडीचं तोंड चढावर करा, म्हणजे भरायची जागा सर्वांत वर येते. थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा वरच्या होजवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून हळूहळू ओता. बुडबुडे थांबून अखंड धार आली की आवळा. टाकीतच कॅप असलेल्या गाडीत इंजिन कॅप उघडी ठेवून सुरू करता येतं, पण तापायला लागण्याआधी कॅप लावायची. मग पंखा दोनदा लागेपर्यंत चालवा. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९२ अंशांना उघडतो आणि त्याच वेळी पातळी खाली उतरते. आतून गरम हवा आली पाहिजे. थंड आली तर हीटरमध्ये अजून हवा आहे. पूर्ण गार झाल्यावर पातळी बघून भरा आणि पुढचे तीन दिवस रोज सकाळी तेच करा.

किती मावलं तेही मोजा. छोट्या गाडीत चार ते सहा लिटर मावतं. मॅन्युअलमध्ये पाच लिहिलं असेल आणि साडेतीनच मावलं असेल, तर उरलेली जागा हवेने व्यापलेली आहे. नव्या काही गाड्यांत वळणं इतकी असतात की व्हॅक्यूमने भरणाऱ्या यंत्राशिवाय हवा निघत नाही. तसं असेल तर गॅरेजला जाणंच बरं.

१७. जुनं कूलंट गुलाबी होतं. दुकानातलं दुसरं गुलाबी घातलं तर चालेल ना?

रंग हा केवळ रंग आहे, त्याला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. दोन गुलाबी कूलंटमधली रसायनं वेगळी असू शकतात आणि न जमणारी मिसळली तर गंजरोधक रसायनं निकामी होतात, कधी गाळ किंवा जेलीसारखा थर धरतो. मॅन्युअलमधला प्रकार किंवा मानकाचा क्रमांक बाटलीवर शोधा. तयार मिश्रण असेल तर पाणी घालू नका. दाट कूलंट असेल तर डिस्टिल्ड किंवा क्षारविरहित पाणी समप्रमाणात. नुसतं दाट कूलंट भरणंही चूक आहे. ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही आणि थंडीत समप्रमाणातल्या मिश्रणाच्या कितीतरी आधी गोठतं. समप्रमाणातलं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं.

१८. गाडी थंड असतानाच गळते, गरम झाली की थांबते. असं कसं?

धातू, प्लास्टिक आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात. गार झाल्यावर क्लिपखालची होज, प्लास्टिकची कड किंवा ओ-रिंग किंचित सैल होते. तापल्यावर सगळं फुगून जोड पुन्हा घट्ट होतो. शोधायचं तर पहाटे, गाडी सुरू करण्याआधी प्रेशर टेस्टर लावा. दुपारी गॅरेजमध्ये नेली तर काहीच सापडणार नाही. बहुतेक वेळा दोष स्क्रूच्या क्लिपचा किंवा रेडिएटरच्या कडेचा निघतो (प्रश्न ११ आणि १२).

१९. बाहेर कुठेच ओल नाही, तरी पातळी कमी होते. हेड गॅस्केट गेलं का?

गेलं असेलच असं नाही. आधी कॅप (प्रश्न ९), गालिचा (प्रश्न १४) आणि गरम भागावर उडून जाणारी गळती (प्रश्न ८) बाद करा. मगच आतल्या गळतीकडे वळा.

हेड गॅस्केट म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधला जोड बंद ठेवणारा पातळ थर. ते गेल्याची लक्षणं अशी. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटाभरात वरची होज टणक होते, वास्तविक इतक्या लवकर दाब यायचं कारण नसतं. टाकीत सतत बुडबुडे येतात. सकाळी सुरू होताना इंजिन काही क्षण अडखळतं.

पक्कं करायला ब्लॉक टेस्ट करतात. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून, इंजिन चालू असताना आतली हवा त्यातून ओढायची. आधी पातळी काही सेंटिमीटर खाली आणा, नाहीतर कूलंट नळीत शिरून टेस्ट वाया जाते. ज्वलनाचा वायू असेल तर निळा रंग पेट्रोल गाडीत पिवळा आणि डिझेलमध्ये हिरवट होतो. रंग बदलला तर निदान बऱ्यापैकी पक्कं. नाही बदलला तर गॅस्केट चांगलं आहे असं मात्र ठरत नाही. कधी कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं पण वायू उलट येत नाही. अशा वेळी पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून बघा. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर संशय त्या सिलिंडरवर. मग प्रेशर टेस्टर लावून काही तास ठेवा आणि बारीक कॅमेऱ्याने पिस्टनवर ओल शोधा. प्लग काढलेले असतानाच स्टार्टर फिरवा. भरलेल्या सिलिंडरवर प्लग लावून स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

डिझेल गाडीत याच लक्षणांमागे ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा धूर कूलंटने गार करणारा भाग) असू शकतो. हेड उघडण्याआधी तो दोन्ही टोकं बंद करून दाबाखाली तपासा. पुष्कळ पैसे आणि वेळ वाचतो.

हेड काढलंच तर नुसतं गॅस्केट बदलून बसवू नका. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) पृष्ठभाग तपासा. अनेक इंजिनांत ०.०५ मिलीमीटरहून जास्त वाक चालत नाही, नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. वाक असेल तर हेड फेस करून (मशीनवर सपाट करून) घ्या आणि तडा आहे का तेही तपासा. ताणून आवळायचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात.

२०. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर आहे. इंजिन संपलं का?

फक्त झाकणाखाली असेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर बहुधा ती साचलेली वाफ आहे. थंडीत रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत हे होतं. एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवून बघा. डिपस्टिकवरही चहासारखा रंग असेल किंवा ऑइलची पातळी वाढली असेल, तर इंजिन सुरूच करू नका. दुधाळ ऑइल बेअरिंगला वंगण देत नाही. हेड गॅस्केटबरोबरच ऑइल कूलरही तपासा, कित्येकदा दोष त्याचाच असतो. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचं ऑइल गार करणारी नळी रेडिएटरच्या आत असेल आणि ती फुटली, तर टाकीत गुलाबी दुधासारखं मिश्रण दिसतं. तेव्हा गिअरबॉक्स वाचवायला गाडी तिथेच थांबवा.

२१. काटा नॉर्मल दाखवतोय, पण बॉनेटखालून वाफ येतेय. काट्यावर विश्वास ठेवू का?

नाही. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. कूलंट खूप कमी झालं की तो हवेत उघडा पडतो आणि काटा नॉर्मल राहतो किंवा खालीही येतो. हीटर गरमवर असूनही अचानक थंड हवा यायला लागली, तर तो जास्त खरा इशारा आहे. लगेच थांबा आणि प्रश्न ४ प्रमाणे करा.

२२. नवा रेडिएटर घातला, तो वर्षातच झिरपायला लागला. माल खराब होता का?

असू शकेल. पण दुसऱ्यांदाही तसंच झालं तर विजेचा निचरा तपासा. इंजिनची किंवा बॉडीची अर्थिंगची वायर सैल असली की वीज कूलंटमधून वाट काढते आणि ॲल्युमिनियम आतून खात जाते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावा आणि लाल तार धातूला न टेकवता कूलंटमध्ये बुडवा. इंजिन चालू करून दिवे, पंखा, एसी एकेक करत लावा. साधारण ०.१ व्होल्टपर्यंत ठीक, ०.३ च्या वर गेलं तर काम आहे. ज्या उपकरणाने आकडा उडी मारतो त्याची अर्थिंग साफ करून घट्ट करा. सगळं बंद असतानाही आकडा मोठा येत असेल तर कूलंटच आम्लधर्मी झालं आहे. ते बदला.

२३. काढलेलं कूलंट कुठे टाकायचं? थोडं अंगणात सांडलंय.

गटारात, मातीत किंवा झाडांना नाही. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, त्यामुळे कुत्री-मांजरं आणि लहान मुलं ते चाटतात, आणि अगदी थोडी मात्राही मूत्रपिंडं निकामी करू शकते. सांडलेल्यावर लगेच भुसा किंवा माती टाका, शोषल्यावर ती पिशवीत भरा आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. जुनं कूलंट खूण केलेल्या बंद कॅनमध्ये, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि वापरलेलं ऑइल व रसायनं घेणाऱ्या केंद्रात द्या. कुणाच्या पोटात गेल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता डॉक्टर गाठा, प्राणी असेल तर पशुवैद्य.

२४. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत हेच सगळं लागू पडतं का?

हायब्रिडच्या इंजिनाच्या भागाला बहुतेक लागू पडतं. पण अशा गाड्यांत इन्व्हर्टर, मोटर आणि बॅटरीसाठी वेगळी वाट आणि वेगळी टाकी असते. काही उत्पादक बॅटरीच्या वाटेसाठी कमी वीजवाहकतेचं खास कूलंट सांगतात. तिथे साधं कूलंट किंवा पाणी 'तात्पुरतं' म्हणूनही घालू नका, कारण बॅटरीच्या आत झिरपलं तर शॉर्ट होऊ शकतं. पंप विजेचे असल्याने हवा काढण्यासाठी ते दोष शोधणाऱ्या यंत्रावरून (स्कॅनरवरून) चालू करावे लागतात. नारिंगी वायरी उच्च व्होल्टेजच्या असतात, त्यांच्या आसपास ओल दिसली तर काहीही उघडू नका. बाहेरून दिसणारी होज, क्लिप आणि टाकीची पातळी एवढंच तपासा. बॅटरीच्या वाटेतली पातळी बाहेर ओल न दिसता कमी होत असेल, तर गाडी चार्जिंगला न लावता, प्रशिक्षित माणसाकडे टोइंगने न्या.